डोंगरातला एक फोटो: तुमचा अनुभव सांगा

पाऊस उघडीप द्यायला लागला की डोंगरात फोटो काढणाऱ्यांचे हात शिवशिवायला लागतात. भाद्रपद सरताना हवा धुऊन निघालेली असते, गवत अजून हिरवं असतं आणि ढगांच्या सावल्या कड्यांवरून सरकत असतात. मार्चमध्ये त्याच डोंगरावर जा, वणव्यांच्या धुराने समोरचा किल्लासुद्धा पुसून टाकल्यासारखा दिसतो. म्हणून हा धागा आत्ताच काढतेय.

तुम्ही काढलेल्या एकाच फोटोबद्दल लिहा. कुठे उभे होतात, उजेड कुठून येत होता, किती थांबलात, काय हुकलं. कॅमेरा कोणता हे शेवटी सांगितलंत तरी चालेल.

सुरुवात माझ्यापासून. राजगडच्या बालेकिल्ल्यावरून पूर्वेला सुवेळा माची दिसते. सूर्य तिच्याच अंगाने उगवतो, म्हणून हा फोटो सगळेच काढतात. मीही दोनदा काढला. पहिल्या खेपेला डिसेंबर होता, आभाळ कोरं करकरीत, सूर्य वर आला आणि फोटो सपाट. दुसऱ्या खेपेला धुकं इतकं की हातातली काठी दिसेना. तिसऱ्यांदा ऑक्टोबरात गेले. तेव्हा पद्मावतीच्या देवळात मुक्काम करता यायचा. रात्रभर पाऊस लागला होता, पहाटे थांबला. अंधारात बालेकिल्ल्याची ओली चढण चढताना रेलिंगला धरलेला हात गारठून गेला होता. वर आले तर खालची सगळी खोरी धुक्याने भरलेली आणि माची त्यातून निघालेली.

सूर्योदयाला मी भराभर पंधरा-वीस फोटो घेतले, सगळे वाइड लेन्सने. स्क्रीनवर बघितलं तर डोळ्यांना एवढी थोरली वाटणारी माची फोटोत बोटभर झालेली. वाइड लेन्स जवळचं मोठं करते आणि दूरचे डोंगर बारके करून टाकते, हे मला पाठ होतं, पण कळलं त्या दिवशी. मग ७०-२००ची, दूरचं जवळ आणणारी लेन्स लावली, सूर्य चौकटीबाहेर ठेवला आणि बसून राहिले. साधारण चाळीस मिनिटांनी ऊन तिरकं होऊन तटबंदीच्या कडेवर आलं, मागच्या डोंगरांच्या रांगा एकीमागे एक, प्रत्येक आधीचीपेक्षा फिकी. एकच फोटो घेतला. तोपर्यंत बाकीची मंडळी चहाला खाली गेली होती, याचं मला आजही वाईट वाटतं.

आता तुम्ही लिहा.

नाशिक

ताई, वाइड लेन्सचं अगदी पटलं. माझा अनुभव पावसाळ्यातला आहे आणि नुकसानीचा आहे, नव्याने कॅमेरा घेतलेल्यांना उपयोगी पडेल म्हणून लिहितो.

जुलैत घाटघरच्या कोकणकड्यावर गेलो होतो. एसी गाडीतून उतरलो, कॅमेरा काढला आणि लेन्स आतून-बाहेरून धुरकटली. गार काचेवर बाहेरची दमट हवा बसते, त्याला इलाज नाही. कॅमेरा पिशवीतच ठेवून पंधरा-वीस मिनिटं बाहेरच्या हवेत येऊ द्यायचा, मग उघडायचा. मी रुमालाने पुसत बसलो. कड्यावरून ढग वर येत होते, मधेच फाटत होते, खाली कोकण क्षणभर दिसून मिटत होतं. ते दोन-तीन क्षण हुकले, पण खरं नुकसान पुढे झालं. घरी येऊन थकव्याने ओली बॅग तशीच कपाटात टाकली. गणपतीत काढली तेव्हा मागच्या काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखे पांढरे धागे. बुरशी. दुरुस्तीवाल्याने लेन्स उघडून साफ केली, पण काचेच्या लेपावर खूण राहिली ती राहिलीच.

आता पावसाळी ट्रेकहून आल्यावर आधी कॅमेरा पुसतो, पंख्याखाली ठेवतो, मग घट्ट झाकणाच्या डब्यात, ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्यांसोबत. माझी आंघोळ त्यानंतर.

सातारा

मी शाळेत शिकवते. कास पठार माझ्या घरापासून तासाभरावर आहे. २०१२ साली पश्चिम घाटातल्या ३९ ठिकाणांना जागतिक वारशाचा दर्जा मिळाला, त्यात कास आलं आणि सप्टेंबरचं पठार पार बदलून गेलं.

कासची माती किती असते माहीत आहे? जांभ्या कातळावर काही ठिकाणी जेमतेम चार बोटं. तेवढ्या ओलसर थरात गेंद, सोनकी, तेरडा, सीतेची आसवं येतात. सीतेची आसवं हे जांभळं फूल करंगळीच्या नखाएवढं असतं. वरून इतकं नाजूक, पण खाली मातीत त्याला बारीक फुगे असतात आणि त्यात ते सूक्ष्म कीटक पकडतं, कारण त्या मातीत खायला फारसं काही नाही. पाय पडला की ओली माती दबते, तिथे पाणी साचतं आणि पुढच्या वर्षी तो तुकडा टक्कल पडल्यासारखा दिसतो.

फुलांच्या गालिच्याचे फोटो आवडतात सगळ्यांना. पण ते कसे काढले जातात ते मी डोळ्यांनी बघितलंय. एक जण जमिनीलगतची चौकट हवी म्हणून फुलांवर चटई टाकून पालथा झोपला होता. मी त्याला उठवलं, तो माझ्यावर चिडला. त्याच्या फोटोत पुढे फुलं, मागे ढग, सगळं सुंदर आलं असणार. चटईखाली काय होतं ते फोटोत येत नाही.

माझा फोटो पायवाटेवरूनच काढलेला आहे. वाटेच्या कडेला उकिडवी बसले, फोन जमिनीला टेकवला, स्क्रीन नीट दिसत नव्हती म्हणून अंदाजाने दहा वेळा बटण दाबलं. त्यातल्या एकात गेंदाचा पांढरा गोंडा आहे, त्याच्या अंगावर दवाचा थेंब आणि थेंबात उलटं आभाळ. यासाठी मला एकही फूल ओलांडावं लागलं नाही.

मुंबई

माझा विषय रात्रीचा. डोंगरावरून आकाशगंगा टिपायची तर फेब्रुवारी ते मे हा काळ; तिचा भरगच्च, उजळ भाग तेव्हा रात्री किंवा पहाटे आग्नेयेला वर येतो, आणि पाऊस आला की संपलं. त्यासाठी भारी अॅप लागत नाही. आमच्या घरी भिंतीवर कालनिर्णय असतं, त्यात अमावास्या बघायची आणि तिच्या पुढे-मागे तीन रात्री धरायच्या. ट्रायपॉड पक्का हवा. शटर किती वेळ उघडं ठेवायचं याचा साधा हिशेब म्हणजे ५०० भागिले लेन्सचे मिलिमीटर: २० मिमी लेन्सला २५ सेकंद. त्याच्या वर गेलात तर तारे टिंबांऐवजी रेघा होतात.

पण सांगायचंय ते काजव्यांचं. मेअखेरीला राजमाचीच्या खाली उधेवाडीकडच्या झाडांवर काजवे पेटतात. झाडन् झाड एका लयीत चमकतं आणि विझतं. मी काढलेल्या फोटोत हजारो हिरवे-पिवळे ठिपके आहेत, त्याला खूप वाहवा मिळाली. तो एका क्षणाचा फोटो नाही. ट्रायपॉड न हलवता तासभर काढलेल्या सत्तर-ऐंशी चौकटी एकावर एक रचलेल्या आहेत. हे मी फोटोखाली लिहिलं नव्हतं. पुढच्या वर्षी माझा फोटो बघून आलेली एक मुलगी झाडासमोर उभी राहून म्हणाली, "एवढेच?" तिच्या डोळ्यांसमोर खरं झाड लुकलुकत होतं आणि माझ्या फोटोने ते तिला थोडं करून टाकलं होतं. तेव्हापासून किती चौकटी जोडल्यात ते मी दर वेळी लिहितो.

आणि हात जोडून विनंती, तिथे बॅटरी मारू नका. ते चमकून जोडीदाराला बोलावत असतात.

घाटघर, नाणेघाटाजवळ (जुन्नर)

वर नाशिककरांनी लिहिलेलं घाटघर वेगळं बरं का, हे आमचं जुन्नरचं.

आमच्याकडं मुक्कामाला फोटोवाली मंडळी येतात. मी कॅमेरा धरला नव्हता, तीन वर्षांपूर्वी फोनवर काढायला लागलो. येणारे पहिला प्रश्न विचारतात, सनसेट पॉइंट कुठं? मी म्हणतो, महिना कोणता ते बघा आधी. आमच्या खळ्यातनं बघितलं तर संक्रांतीच्या सुमारास सूर्य डाव्या हाताला हिरड्याच्या झाडामागं जातो. मग रोज थोडा थोडा उजवीकडं सरकतो. वैशाखात आम्ही हिरडा गोळा करायला निघतो तेव्हा तो पार उजवीकडच्या टेपाडावर गेलेला असतो. पुण्याची पोरं डिसेंबरातला फोटो घेऊन मे महिन्यात येतात आणि त्याच दगडावर उभी राहतात. सूर्य तिथं नसतोच.

माझा फोटो आषाढातला. नाणेघाटात वारा असा लागतो की कड्यावरनं पडणारं पाणी खाली न जाता उलटं अंगावर येतं. ते बघायला गर्दी होते. मी गर्दी गेल्यावर गेलो, सांजचं. ढग फुटून जरासं ऊन पडलं आणि उलट्या पाण्यात इंद्रधनुष्य उमटलं, कड्याच्या वर. फोन भिजला, पण फोटो आला. माझ्या आईला दाखवला तर म्हणाली, हे तर आपण रोज बघतो. पण फोन काही लवकर परत दिला नाही तिनं.

एक सांगणं आहे. भातखाचरातनं आडवं चालू नका. बांधावरनं या. बांध अरुंद असतो, घसरतो, मला ठाऊक आहे. पण लावणी आमच्या बायकांनी दिवसभर वाकून केलेली असते.

एडिनबरा, स्कॉटलंड

मी मूळची संगमनेरची. हरिश्चंद्रगडाला कॉलेजात असताना पाच वेळा गेले, दर वेळी कोकणकड्यावर इंद्रवज्र, म्हणजे धुक्यावर पडलेल्या आपल्या सावलीभोवतीचं गोल रंगीत कडं, दिसेल म्हणून, आणि एकदाही दिसलं नाही. त्याला तीन गोष्टी जुळाव्या लागतात: सूर्य पाठीशी, तोही खाली आलेला, समोर दरीत धुकं, आणि आपण त्या धुक्याच्या वर. कडा पश्चिमेकडे तोंड करून आहे, म्हणजे सकाळीच.

ते मला दिसलं इथे, ग्लेन को जवळच्या एका धारेवर, नोव्हेंबरात. ऊन पाठीवर, डावीकडची दरी ढगाने भरलेली. ढगावर माझी लांबलचक सावली पडली आणि सावलीच्या डोक्याभोवती रंगीत कडं उमटलं. बाहेरून लाल, आतून निळसर. शेजारी माझी मैत्रीण उभी होती. मला कडं फक्त माझ्या डोक्याभोवती दिसत होतं, आणि ती म्हणत होती, माझ्या डोक्याभोवती आहे! दोघींचं खरं होतं. प्रत्येकाला आपलंच कडं दिसतं. फोटोतसुद्धा त्याचा मध्य कॅमेऱ्याच्या सावलीवर असतो. मी कॅमेरा छातीशी धरला होता, त्यामुळे फोटोत कडं सावलीच्या छातीभोवती आलंय.

याच डोंगराळ भागात बेन नेव्हिसच्या माथ्यावर पूर्वी वेधशाळा होती. १८९४ साली सी. टी. आर. विल्सन नावाचा तरुण तिथे काही आठवडे होता. ढगावरची ही रंगीत कडी बघून ती प्रयोगशाळेत करून बघायची त्याला ओढ लागली, आणि त्या खटपटीतून क्लाउड चेंबर निघालं, ज्यात अणूपेक्षा लहान कणांचे माग दिसतात. १९२७चं भौतिकशास्त्राचं नोबेल त्याला आर्थर कॉम्प्टनसोबत विभागून मिळालं. हे मी वडिलांना फोनवर सांगितलं. ते म्हणाले, यंदा दिवाळीत ये, पाचनईतून चढू आणि पहाटेच कड्यावर जाऊन बसू.

कल्याण

छोटासा अनुभव. एका किल्ल्यावर कातळात खोदलेल्या टाक्याच्या वर आग्या मोहोळ होतं, काळं, सुपाएवढं. चौकट अप्रतिम होती: खाली हिरवं पाणी, वर मोहोळ, मधे उन्हाची तिरीप. आमच्यातल्या एकाने अंगावर अत्तर मारलं होतं आणि दुसऱ्याने फ्लॅश चालू केला. पुढची दहा मिनिटं मी तोंडावर शर्ट घेऊन पळत होतो. मित्राला बावन्न डंख, दोन दिवस दवाखाना. फोटो कुणाकडेच नाही. मोहोळ दिसलं की आवाज बंद, फ्लॅश बंद, वास बंद, आणि मुकाट्याने मागे फिरायचं.

पुणे

माझं वय आता सत्तरच्या पुढे आहे. आमच्या वेळी ३६ फोटोंचा एक रोल घेऊन निघायचो आणि तो दोन ट्रेक पुरवायचो. त्यामुळे बटण दाबायच्या आधी खूप बघणं व्हायचं. धुऊन येईपर्यंत काय आलंय ते कळत नसे.

धागा राजगडाने सुरू झाला म्हणून हे लिहितो. १९८४च्या हिवाळ्यात पद्मावती माचीवरून मी खालच्या खोऱ्याचा एक फोटो काढला होता, कृष्णधवल. समोर तोरणा, मधे गुंजवणी नदीचा वळसा, दोन्ही काठांना भाताची कापलेली खाचरं. तेव्हा तो मला फसलेला वाटला होता, कारण तोरण्याच्या माथ्यावर ढग होता. नातीने गेल्या महिन्यात जुनी निगेटिव्ह स्कॅन केली. मोठं करून बघितलं तर एका खाचरात रचलेल्या पेंढ्या मोजता येतात. अकरा आहेत. नदीकाठाने एक पायवाट जाते आणि तिच्यावर डोक्यावर भारा घेतलेली दोन माणसं आहेत.

आता गुंजवणीवर धरण झालंय आणि त्या खोऱ्यात पाणी आहे. माझे गुडघे गड चढू देत नाहीत. ताई, तुम्ही या मोसमात राजगडाला जाणार असाल तर पद्मावती माचीच्या तटावरून, तोरणा चौकटीच्या उजव्या तिसऱ्या हिश्शात धरून, एक फोटो काढाल का? माझी लेन्स ५० मिमीची होती. सकाळी नऊच्या सुमाराचं ऊन होतं.

पुन्हा मी, धागा काढणारी

काका, पुढच्या शनिवारी निघतेय. ५०ची लेन्स आहे माझ्याकडे. तुमचा फोटो मला आधी पाठवून ठेवा, छापून सोबत नेते. तटावर नेमकं कुठे उभं राहायचं ते तोरण्याच्या कडेवरून जुळवून बघते. ढग असला तर थांबेन.