दापोली मतदारसंघाचा वारसा म्हणजे फक्त सुवर्णदुर्ग का?

आसूदकर

११ जुलै २०२५ ला सुवर्णदुर्ग जागतिक वारसा यादीत गेला. मराठ्यांच्या बारा किल्ल्यांत आपल्या हर्णैच्या जलदुर्गाचं नाव लागलं, याचा अभिमान मलाही आहे. पण तेव्हापासून आपल्या मतदारसंघाच्या विकासाचं बोलणं निघालं की ते सुवर्णदुर्गापासून सुरू होतं आणि मुरूड-कर्द्याच्या किनाऱ्यावर संपतं. दापोली मतदारसंघ म्हणजे अख्खा दापोली तालुका, अख्खा मंडणगड आणि खेडचा काही भाग. एवढ्या मुलखात सांगण्याजोगं एकच ठिकाण आहे का?

माझं म्हणणं सरळ आहे. मतदारसंघाच्या वारशाची यादी करायची तर ती इथल्या समाजांपासून करा. कुणबी, बौद्ध, कोळी, खारवी, भंडारी, कोकणी मुसलमान, चित्पावन, मराठा, गवळी-धनगर, कातकरी. यातल्या प्रत्येकाने या मातीत काहीतरी उभं केलंय, नाहीतर काहीतरी सोसलंय. यादीत त्याची जागा कुठे आहे ते दाखवा.

कायदेमंडळाशी आपलं खरं नातं कशाने जुळलं? खोतीने. गावचा सारा खोत गोळा करायचा, कूळ कसायचं आणि तरी कुळाला जमिनीवर हक्क नाही. १७ सप्टेंबर १९३७ ला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मुंबईच्या विधानसभेत खोती रद्द करण्याचं विधेयक मांडलं. जानेवारी १९३८ मध्ये कोकणातली कुळं त्यासाठी मुंबईत विधिमंडळावर चालून गेली. त्यात कुणबी होते, महार होते, सगळे एका मोर्चात. विधेयक तेव्हा मंजूर झालं नाही. खोती गेली ती १९४९ च्या कायद्याने. आज आपण ज्या सातबाऱ्यावर घर बांधतो, कलमं लावतो, तो त्या लढ्याचा आहे. आपल्या तीन तालुक्यांत त्याच्या आठवणीचा एक दगड मला दाखवा.

विधेयक मांडणाऱ्या माणसाचं मूळ गाव आंबडवे याच मतदारसंघात, मंडणगड तालुक्यात आहे. रमाबाईंचं माहेर वणंद दापोली तालुक्यात. अस्पृश्यतेविरुद्ध त्यांच्याही आधी लेखणी उचलणारे गोपाळबाबा वलंगकर सैन्यातून निवृत्त झाल्यावर दापोलीच्या कँपात राहिले. सुवर्णदुर्गाला जेवढा निधी, जेवढे फलक, जेवढा रस्ता, तेवढंच या ठिकाणांना मिळायला हवं असं माझं ठाम मत आहे.

गडवेडा

आसूदकर, भावना कळते, पण मला हे पटत नाही. थोडं थोडं सगळ्यांना वाटलं की कुठलंच काम धड होत नाही. कोकणात आपण हे बघत आलोय. दहा ठिकाणी कमानी उभ्या राहतात आणि एकाही वास्तूची भिंत वाचत नाही.

सुवर्णदुर्गाची अवस्था जवळून बघा. भरती-ओहोटी आणि वारा बघून हर्णैहून होडी करायची. आम्ही गेलो तेव्हा गुडघाभर पाण्यात उतरूनच पुढे जावं लागलं. महादरवाजा तटाच्या वळणात असा लपवलाय की जवळ जाईपर्यंत दिसत नाही. उंबऱ्याशी दगडात कासव कोरलंय, बाजूच्या तटावर मारुती आहे. आत शिरलं की झाडोराच झाडोरा. मुळं तटात घुसली की चिरा सुटतो, आणि एक चिरा सुटला की पावसाळ्यात वरचे चार खाली येतात. याला तातडी म्हणतात. फलक नंतरही लावता येतील.

आणि हा किल्ला कुणा एका समाजाचा नाही. कान्होजी आंग्र्यांची कारकीर्द इथून वर आली. १७५५ मध्ये इंग्रज आरमाराच्या कमोडोर जेम्सने पेशव्यांच्या साथीने तुळाजी आंग्र्यांकडून तो घेतला, तर त्या जेम्सच्या विधवेने १७८४ मध्ये लंडनमध्ये नवऱ्याच्या आठवणीसाठी मनोरा बांधला आणि त्याला आपल्या सुवर्णदुर्गाचंच नाव दिलं. तो अजून उभा आहे. ज्यांनी जिंकला त्यांनी आठवण जपली. ज्यांच्या आरमाराचा तो होता, त्यांनी आधी तो सावरावा की आधी समाजवार वाटणी करावी? आधी किल्ला, मग बाकीचं.

हर्णै बंदर

दोघंही किल्ल्याबद्दल बोलताय. किल्ल्यासमोर जे राहतात त्यांचं ऐका.

हर्णैला चार किल्ले. पाण्यात सुवर्णदुर्ग, किनाऱ्याला कनकदुर्ग, फत्तेगड आणि गोवा किल्ला. कनकदुर्गावर दीपगृह आहे. फत्तेगडावर आमच्या कोळी लोकांची घरं आहेत, दाटीने, एकमेकाला लागून. तटाचे अवशेष शोधावे लागतात. बाहेरचा माणूस येतो, मोबाईलवर फोटो काढतो आणि लिहितो की किल्ल्यावर अतिक्रमण झालंय. आमच्या आज्या-पणज्या तिथेच नांदल्या. होड्या खाली, घर वर. पावसात उधाण आलं तरी घर सलामत, म्हणून माणसं उंचावर राहिली.

केंद्राच्या संरक्षित स्मारकाभोवती १०० मीटरपर्यंत बांधकामाला बंदी आणि पुढे २०० मीटर परवानगीशिवाय काही करता येत नाही. उद्या कुणी उत्साहाने फत्तेगडही यादीत घाला म्हणाला, तर कौल बदलायलासुद्धा आम्ही अर्ज करायचा का? वारसा हा शब्द ऐकला की आमच्या पोटात गोळा येतो.

संध्याकाळी बंदरावर या. होड्या लागल्या की वाळूतच लिलाव, बैलगाडीतून मासळी वर. लोकांना ते बघायला आवडतं, व्हिडिओ करतात. आमच्या बायका मात्र ओल्या वाळूत टोपल्या घेऊन उभ्या असतात, बर्फ वितळत असतो. पक्की जेटी आणि लाटा अडवणारा बांध ही मागणी वडिलांच्या काळापासूनची. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, त्यात वादळं वाढलेली. आसूदकर, तुमच्या यादीत कोळ्यांची जागा कुठे म्हणून विचारताय ना? आमची जागा बंदर आहे. ते द्या आधी.

मंडणगडची माहेरवाशीण

आसूदकर दादा, आंबडव्याचं नाव घेतलंत, बरं वाटलं. पण एक गोष्ट खटकली. "प्रत्येक समाजाचं एक ठिकाण" असं धरलं की आंबडवे आपोआप "बौद्धांचं" होऊन बसतं. १४ एप्रिल आणि ६ डिसेंबरला आमची माणसं येणार, बाकी वर्षभर इतरांनी त्या वाटेला जायचंच नाही, असं आजही बरंच आहे. फेब्रुवारी २०२२ मध्ये राष्ट्रपती रामनाथ कोविंद येऊन गेले तेव्हा सगळ्या तालुक्याला गाव आठवलं. नंतर पुन्हा ते "त्यांचं".

तुम्हीच सांगितलंत की खोतीच्या मोर्चात कुणबी आणि महार बरोबर चालले. मग ते ठिकाण कुणब्यांचंही आहे की नाही? कुणबी वाडीतल्या शाळेची सहल आंबडव्याला जाऊ दे, वणंदला जाऊ दे. ७ फेब्रुवारीला रमाईची जयंती वणंदच्या बरोबरीने दापोलीच्या चौकात होऊ दे. समाजवार यादी केलीत तर गावाबाहेरचा वाडा जसा वेगळा होता तशीच यादीही वेगळी पडेल. मला ती नको.

पालगडचा

खोतीचा विषय निघाला म्हणून लिहितो. आमचं घर खोतांपैकी. जुनं उकरून आज काय साधणार? आता कुणाकडे खोती नाही, आणि पडक्या चौसोपी वाड्यात एक म्हातारी-म्हातारा सोडून कुणी नाही. साने गुरुजींचा जन्म २४ डिसेंबर १८९९ चा, आमच्या पालगडचा, आणि घराणं खोताचंच. त्याच माणसाने १९४७ मध्ये पंढरपूरचं देऊळ सगळ्यांना उघडावं म्हणून उपोषण केलं. मुरूडच्या धोंडो केशव कर्व्यांनी १८९३ मध्ये विधवेशी लग्न केलं, तर मुरूडकरांनी त्यांना वाळीत टाकलं. पुढे १९५८ मध्ये तेच भारतरत्न झाले. म्हणजे वाईट वागणारेही इथलेच आणि त्याविरुद्ध उभे राहणारेही इथलेच. स्मारकं माणसांची करा, भांडणांची नकोत.

आसूदकर

पालगडकर, तुमच्या घराबद्दल माझ्या मनात किंतु नाही. पण खोतीची आठवण हे भांडण आहे असं मी मानणार नाही. शंभर वर्षांत या भागातल्या सर्वाधिक घरांचं आयुष्य बदलणारी तीच एक गोष्ट. गुरुजींच्या घरात मुलांना ती सांगितली तर गुरुजींची उंची वाढेलच. खोताचा मुलगा असून त्यांनी काय केलं हे खोती कळल्याशिवाय कसं कळणार?

ताई, तुमचं म्हणणं मी माझ्या मागणीत घेतो. ठिकाणासमोर जात लिहायची नाही, तिथे काय घडलं ते लिहायचं. समाज मोजायचे ते कुणी सुटू नये म्हणून.

गडवेडा, तुमच्याशी मात्र वाद राहील. सुवर्णदुर्ग केंद्राच्या पुरातत्त्व खात्याकडे आहे, आता जगाचं लक्षही आहे. त्याच्या तटासाठी पैसा तिथून यायला हवा आणि त्यासाठी मी तुमच्याबरोबर अर्ज करीन. मी बोलतोय आमदारांच्या स्थानिक निधीबद्दल, जिल्हा नियोजनातून 'क' वर्गातल्या लहान पर्यटनस्थळांना मिळणाऱ्या पैशाबद्दल. तो पैसा लहान ठिकाणांनाच पुरतो. पन्हाळेकाजी घ्या. कोटजाई नदीकाठी २९ लेणी, आधी बौद्धांचा हीनयान पंथ, मग त्यांचाच वज्रयान, मग शिलाहार राजांच्या काळात शिवाचे भक्त शैव आणि गणपतीचे भक्त गाणपत्य, शेवटी नाथपंथ. एकाच कातळात हजार वर्षं माणसं आपापला देव कोरत राहिली. शिलाहारांचा ११३९ चा ताम्रपटही तिथलाच. ती लेणीही केंद्राकडेच आहेत, पण उतरणीचा रस्ता, गावातल्या पोरांना मार्गदर्शक म्हणून शिकवणं, बायकांना जेवणाची सोय उभी करून देणं, ही कामं स्थानिक निधीची. त्याला किती पैसा लागणार?

दाभोळची सून

दाभोळचं नाव अजून कुणीच घेतलं नाही, म्हणून लिहिते. बाहेरच्यांना दाभोळ म्हटलं की वीज प्रकल्प आठवतो, आणि तो तर खाडीपलीकडे, गुहागर तालुक्यात. आमचं दाभोळ बहामनी काळापासूनचं बंदर. पंधराव्या शतकात रशियातला अफनासी निकितीन इथूनच जहाजात बसून होर्मुझला गेला. डिसेंबर १५०८ मध्ये पोर्तुगिजांचा व्हाइसरॉय अल्मेडा याने गाव जाळून माणसं कापली. त्यानंतरही बंदर पुन्हा उभं राहिलं.

आदिलशाही मशीद खाडीच्या अगदी काठाला. विजापूरची राजकन्या हजला निघाली होती, पुढे जाता येईना, तेव्हा बरोबरचा पैसा तिने मशिदीला लावला असं आमच्या घरात सांगतात. त्याच गावात चंडिकेचं देऊळ, खडकात कोरलेलं, आत दिव्याच्या उजेडात वाकून जायचं. सासूबाई दोन्हीकडची माहिती सारख्याच मायेने सांगायच्या. आता गावातले निम्मे दरवाजे बंद. कुणी मुंब्र्याला, कुणी आखातात. मशिदीच्या दगडाला खारा वारा खातोय, गावातल्या आठवणी म्हाताऱ्यांबरोबर जातायत. गडवेडा भाऊ म्हणतात, बाकीचं नंतर. माझ्या सासूबाईंच्या पिढीला "नंतर" नाही. तट डागडुजी करून पुन्हा उभा करता येईल. त्यांच्या तोंडच्या गोष्टी आत्ता लिहून घेतल्या नाहीत तर कशाने परत आणणार?

गडवेडा

ताई, हे मान्य. माणसांकडून ऐकून लिहून घ्यायचं काम तटाच्या कामासाठी थांबवू नये. पण निधीबद्दल मी मत बदललेलं नाही. हर्णैला उतरायची सोय झाली तर पर्यटक चार दिवस थांबेल आणि तोच पुढे पन्हाळेकाजीला, दाभोळला, आंबडव्याला जाईल. उलटं होताना मी पाहिलेलं नाही.

खेडवाला

मुळात मतदारसंघ हे वारशाचं माप कसं होईल? २००९ पर्यंत खेड स्वतंत्र मतदारसंघ होता. पुनर्रचनेत तालुका फाटला, काही गावं दापोलीत, काही गुहागरात. उद्या पुन्हा पुनर्रचना झाली की तुमच्या यादीतली गावं दुसऱ्या आमदाराकडे. कर्व्यांचा जन्म शेरवलीचा, म्हणजे खेड तालुक्यातला, वाढले मुरूडला. त्यांना कुठे बसवणार? आपला मुलूख खाड्यांनी बांधलाय, बाणकोटची सावित्री आणि दाभोळची वाशिष्ठी. यादी करायची तर खाडीकाठाने करा.

आसूदकर

खाडीला निधी मिळत नाही, खेडवाले. सही आमदाराची लागते, ठराव ग्रामसभेचा लागतो. २६ जानेवारीच्या ग्रामसभेत मी आसूदमध्ये ठराव मांडणार आहे. त्यात तीन गोष्टी आहेत. मतदारसंघातल्या प्रत्येक ग्रामपंचायतीने आपल्या वाड्यांतल्या म्हाताऱ्या माणसांकडून गावची माहिती लिहून घ्यावी, कातकरी वाडी धरून. खोतीविरोधी लढ्याचं दालन तालुक्याच्या ठिकाणी व्हावं. आणि कुठल्याही वास्तूला दर्जा मागताना तिथे राहणाऱ्यांचं घर धोक्यात येणार नाही हे आधी लिहून घ्यावं, फत्तेगडसकट.

हर्णै बंदर

शेवटचं कलम चांगलं आहे, पण फत्तेगडाचं नाव ठरावात घालण्याआधी वस्तीत येऊन बोला. आमच्याविषयी परस्पर चांगलं ठरवलेलंही आम्हाला नको. आणि जेटी चौथी मागणी म्हणून लिहा, नाहीतर आमच्या गावात हा ठराव मी मांडणार नाही. यायचं तर लिलाव आटपल्यावर या, सात-साडेसातला. त्याआधी बायका मोकळ्या नसतात, आणि त्यांच्याशिवाय बैठक नको.