सगळीच हाडं कूर्चेतून नाही
बरेचदा म्हटलं जातं की प्रत्येक हाड आधी कूर्चा, म्हणजे मऊ, लवचिक ऊती असतं आणि मग कडक होतं. हातापायांच्या लांब हाडांचं बरोबर आहे, पण कवटीची चपटी हाडं मधे कूर्चा न होता थेट पातळ पडद्यातच तयार होतात. बाळाच्या टाळूवर तेल जिरवताना बोटांखाली जे धपधप उडतं, तिथे अजून तो पडदाच असतो. साधारण दीड वर्षात टाळू भरते.

गुडघ्याच्या वाटीची तऱ्हा आणखी वेगळी. ती मांडीच्या स्नायूच्या कंडरेत, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या दोरीसारख्या भागात, बसलेली असते आणि तिचं हाड व्हायला लागतं ते ३ ते ६ वर्षांच्या दरम्यान. भाचा दोन वर्षांचा असताना पडला, तेव्हा एक्स-रेत वाटीची जागा रिकामी बघून ताई घाबरलीच. वाटी होती हो जागेवर, पण कूर्चेची, आणि कूर्चा काही साध्या एक्स-रेत उमटत नाही.