फरिनाता ओव्हनशिवाय, चुलीवर जमेल का?

वर्धाकाठ: इटलीत जेनोवाकडे बेसनाचं पातळ पीठ मोठ्या पसरट भांड्यात ओतून लाकडाच्या भट्टीत भाजतात, तो फरिनाता. पिझ्झा तालुक्याच्या गावी पोचला, याचं नाव अजून कोणाला माहीत नाही. बेसन घरचंच आहे, ओव्हन नाही. चुलीवर खालून करपतं, वरून ओलं राहतं, कच्चा वासही जात नाही. प्रमाण काय, जाळ किती?

चूलबंद: वजनाने १ भाग बेसन, ३ भाग पाणी. ३० सेंमीच्या परातीला १०० ग्रॅम बेसन, ३०० मिली पाणी, ३ ग्रॅम मीठ घेतलं की थर अर्ध्या सेंमीच्या आसपास येतो. त्याहून जाड झाला की मधे पिठलंच राहते. पीठ निदान ४ तास भिजू द्या. कच्चा वास इथल्या घाईनेच राहतो. उन्हाळ्यात रात्रभर नको, आंबेल. वरचा फेस झाऱ्याने काढा, नाहीतर तोच आधी जळून डाग पडतात. सोडा, हळद, ओवा काही नाही. ते टाकलं की धिरडं झालं.

गोवरी_निखारा: भाऊ, जाळावर ठेवूच नोका. रोडग्याले पेटवता तशा गोवऱ्या पेटवा, धूर गेला की निखारे पसरवा. जाड लोखंडी परात पयले कोरडी तापवा, मग ४० मिली तेल. लय वाटते, पण कमी केलं की चिकटते. बेसन तळाशी बसते, म्हणून ढवळून मगच ओता अन् लाकडी चमचा दोनदा फिरवा, तेल वर आलं पायजे. वर लोखंडी झाकण, त्यावर खालच्यापेक्षा दुप्पट निखारे. १५ मिनिटं उघडू नोका. तेल शेंगदाण्याचं चालते, जवसाचं तापवलं की वास मारते.

वर्धाकाठ: लाडवाचं जाडं बेसन चालेल का? आणि तिकडे वरून घालतात तो रोजमेरीचा सुवासिक पाला इथे कुठून आणू?

चूलबंद: जाडं नको, खाली बसून राहते. तिकडचं पीठ काबुली हरभऱ्याचं, आपलं देशी हरभऱ्याच्या डाळीचं, त्यामुळे चव जरा उग्र येते, एवढंच. रोजमेरी सोडा, कांद्याच्या पातळ चकत्या तिकडेही घालतात. मिरपूड भाजून झाल्यावर, भरपूर. आणि निखारे जमलेच नाहीत तर सिसिलीतल्या पालेर्मोचं पानेल्ले करा: हेच प्रमाण, पाटोडीसारखं शिजवून थापायचं, गार झालं की कापून तळायचं. पावात घालून वर लिंबू.