४×५ इंची फिल्म कॅमेऱ्यासाठी इन्स्टंट (लगेच फोटो देणाऱ्या) फिल्मला पर्याय काय?

प्रश्न: भुईकोट किल्ल्याच्या दगडी कामाचे फोटो ४×५ वर काढायचेत. एक्सपोजर (फिल्मवर किती प्रकाश पडतो ते) तपासायला ४०५ बॅक (कॅमेऱ्यामागे लावायची, इन्स्टंट पॅक फिल्मची पेटी) आहे, पण ती पॅक फिल्म सोलापुरात काय, पुण्यातही मिळेना. जुनी पाकिटं घ्यावीत का?

उत्तर १: नको दादा. फुजीने एफपी-१००सी ही पॅक फिल्म २०१६ मध्येच बंद केली. आता उरलेल्यांत फोटो उमटवणारी डेव्हलपरची पेस्ट सुकलेली असते, रोलरमधून एकसारखी पसरत नाही आणि कोपरे कोरे राहतात. दहा फोटोंच्या अशा पाकिटाला पैसे घालणं परवडत नाही.

उत्तर २: कॅमेऱ्याला ग्राफलॉक (मागची बॅक बदलता येणारी जोडणी) असेल तर लोमोग्राफलॉक ही इन्स्टंट बॅक बघा. तिच्यात इन्स्टॅक्स वाइड ही इन्स्टंट फिल्म चालते. चित्र ६२×९९ मिमी, ४×५ ची पूर्ण चौकट येत नाही. फोकस करताना सोबतची स्पेसर चौकट लावाच, नाहीतर सगळं धूसर. इन्स्टॅक्सचा आयएसओ (प्रकाश टिपायचा वेग) ८००, म्हणून आयएसओ १२५ च्या फिल्मला २⅔ स्टॉप जास्त द्या (एक स्टॉप म्हणजे दुप्पट प्रकाश). मे महिन्याच्या दुपारी काढू नका, ४० अंशांपुढे रंग बिघडतात.

प्रश्नकर्ता: आणि डिजिटल कॅमेऱ्याने मोजलं तर?

उत्तर १: चालेल, पण बेलोजचा (लेन्स आणि फिल्ममधल्या घडीच्या भात्याचा) हिशेब तो धरत नाही. १५० मिमी लेन्सला बेलोज २१० मिमीपर्यंत ताणला की जवळजवळ एक स्टॉप वाढवा. नक्षी जवळून घेताना हेच चुकतं.