मदत हवी आहे: ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरियाच्या राज्य निवडणुकीत प्रेफरन्स (पसंतीक्रम) नक्की कसे मोजतात?

नमस्कार मंडळी,

येत्या 28 नोव्हेंबरला व्हिक्टोरियाची राज्य निवडणूक आहे आणि आमच्या घरात यावेळी दोन नवे मतदार आहेत, मी आणि माझ्या सासूबाई. सासूबाईंनी आयुष्यभर साताऱ्यात मत दिलंय, आधी शिक्का मारून आणि मग मशीनचं बटण दाबून, एकही निवडणूक चुकवलेली नाही, त्यामुळे इथलं मतही नीट समजून घेऊनच द्यायचं यावर त्या ठाम आहेत. आणि इथे तर खालच्या सभागृहाच्या कागदावर सगळ्याच उमेदवारांना 1, 2, 3 असे नंबर द्यायचे. त्यांचा पहिलाच प्रश्न असा, "अगं, जो मला अजिबात नकोय त्यालाही नंबर का म्हणून द्यायचा? माझं थोडं मत त्याला जाणार का?"

आम्ही मेलबर्नमध्ये प्राहरानला राहतो, म्हणून मी आमच्याच सीटचा इतिहास वाचायला घेतला आणि गोंधळ वाढलाच. 2014 ला इथे लिबरल पक्षाला साधारण 45 टक्के प्रायमरी व्होट (म्हणजे पहिल्या पसंतीची मतं) होतं, लेबरला 26 च्या आसपास आणि ग्रीन्सला त्याहून जरा कमी, 25 टक्के. आणि निवडून कोण आलं तर ग्रीन्सचे सॅम हिबिन्स, म्हणजे तिसऱ्या नंबरवाला, तेही फक्त 277 मतांनी! 2018 ला पुन्हा तेच, प्रायमरीत तिसरे आणि शेवटी विजयी. मग 2025 च्या फेब्रुवारीत पोटनिवडणूक झाली, लेबरनं उमेदवारच दिला नाही, ग्रीन्स आणि लिबरलची पहिली मतं जवळजवळ सारखी होती आणि सीट लिबरलच्या रेचल वेस्टअवे यांच्याकडे गेली.

नवऱ्याचं म्हणणं की 45 टक्केवाला हरतो आणि 25 टक्केवाला आमदार होतो हा सरळ अन्याय आहे, हरलेल्यांना दुसऱ्यांदा मत द्यायला मिळतं आणि जिंकत असलेल्याच्या मतदारांना एकदाच. मला ते पटत नाही पण का पटत नाही ते मांडता येत नाहीये. मी त्याला 2022 च्या आपल्या राज्यसभेचं उदाहरण दिलं, संजय पवारांना पहिल्या पसंतीची 33 मतं होती आणि धनंजय महाडिकांना 27, तरी महाडिक गेले राज्यसभेवर, म्हणजे पद्धत आपल्याकडचीच आहे की! पण हे दोन्ही खरंच सारखं आहे का याचीही खात्री नाही.

तर कोणीतरी कृपया सांगा की मोजताना नक्की काय होतं, खालच्या नंबरामुळे माझ्या पहिल्या नंबरवाल्याचं नुकसान होऊ शकतं का, आणि मतदान केंद्राबाहेर वाटतात त्या हाऊ टू व्होट कार्डाप्रमाणेच नंबर द्यावे लागतात का. कुठल्या पक्षाला द्यावं हे विचारत नाहीये, त्यावर कृपया वाद नकोत.

यारातीरी:

ताई, सासूबाईंना नमस्कार सांगा, प्रश्न अगदी मुळावरच घातलाय त्यांनी.

मी मागे एकदा मतमोजणीला कामाला होतो, तिथे डोळ्यांनी बघितलं तसं सांगतो. आधी सगळे कागद 1 नंबर कोणाला आहे त्याप्रमाणे गठ्ठ्यांत लावतात. कोणाचा गठ्ठा निम्म्याच्या वर गेला तर तो निवडून आला, मग बाकीचे नंबर निकालासाठी लागतच नाहीत. नाही गेला तर सगळ्यात लहान गठ्ठा उचलायचा आणि त्यातल्या प्रत्येक कागदावरचा पुढचा नंबर बघून तो कागद त्या गठ्ठ्यात नेऊन ठेवायचा, मग उरलेल्यांतला सगळ्यात लहान, असं शेवटपर्यंत. म्हणजे मत तुटत नाही, अर्धं इकडे पाव तिकडे असं काही होत नाही, एका वेळी तुमचा कागद एकाच गठ्ठ्यात असतो आणि पूर्ण एक मत म्हणूनच असतो. तुमचा 1 नंबरवाला शर्यतीत आहे तोवर 2 नंबरकडे कोणी बघत नाही, त्यामुळे खालच्या नंबरानं वरच्याचं नुकसान होणं शक्यच नाही. सासूबाईंना जो अजिबात नको त्याला शेवटचा नंबर द्यायचा, तिथपर्यंत त्यांचा कागद कधीच पोचत नाही कारण त्याआधी कोणीतरी एक जिंकलेलं असतं.

आता तुमच्या मिस्टरांचा मुद्दा. दुसऱ्या फेरीत लिबरलवाल्यांचं मतही पुन्हा मोजलं जातंच की, त्यांचा माणूस अजून उभा आहे म्हणून ते त्याच्याकडेच राहतं इतकंच. प्रत्येक फेरीत प्रत्येकाचं एकच मत. आणि 2014 ला 45 टक्के लोकांना लिबरल हवे होते तसेच 55 टक्के लोकांनी दुसऱ्या कोणालातरी पहिला नंबर दिला होता, ही बाजू धरलीच पाहिजे. प्राहरानला खरी लढाई पहिल्या नंबरासाठी नव्हतीच, दुसरं कोण राहतं यासाठी होती. छोट्या उमेदवारांचे कागद वाटल्यावर ग्रीन्स लेबरच्या जरासे पुढे गेले, लेबर बाद झाले, आणि लेबरचे बहुतेक कागद ग्रीन्सकडे आले. तिथे थोडी मतं इकडची तिकडे झाली असती तर ग्रीन्स बाद होऊन शेवटची लढत लेबर विरुद्ध लिबरल झाली असती. मला ही पद्धत मनापासून आवडते ती यासाठीच, की आवडत्या छोट्या पक्षाला 1 नंबर देताना मत वाया जाईल ही भीती राहत नाही.

राज्यसभेचं मात्र थोडं वेगळं आहे. तिथे सहा जागा होत्या आणि कोटा, म्हणजे निवडून यायला लागणारी मतं, जेमतेम 41 चा. पियूष गोयल आणि अनिल बोंडे यांना 48-48 मतं पडली, म्हणजे कोट्यापेक्षा जास्त, ती जास्तीची मतं दुसऱ्या पसंतीनं महाडिकांकडे गेली. तिथे जिंकलेल्यांचं उरलेलं मत खाली आलं, इथे हरलेल्यांचं वर जातं. तुमच्या सीटशी जवळचं उदाहरण हवं तर आपल्या पदवीधर मतदारसंघाची मोजणी बघा, एकच जागा असते आणि कोटा पूर्ण होईना की खालून एकेक उमेदवार बाद करत रात्र काढतात.

ब्रिस्बेनकर:

कार्डाबद्दल मी सांगते. कार्ड म्हणजे पक्षाची शिफारस, बस्स. नंबर तुम्ही लिहाल तेच, पक्ष तुमचं मत कुठेही वळवू शकत नाही. पण बरेच लोक कार्ड बघून लिहितात म्हणून त्याचा परिणाम मोठा होतो. आमच्या क्वीन्सलँडचं साउथ ब्रिस्बेन बघा, 2020 ला एलएनपीनं (तिथला लिबरल-नॅशनल पक्ष) कार्डावर ग्रीन्सला लेबरच्या वर ठेवलं आणि लेबरच्या जॅकी ट्रॅड पडल्या, ग्रीन्सच्या एमी मॅकमहॉन आल्या. 2024 ला एलएनपीनं उलट केलं, ग्रीन्स शेवटी, आणि पहिल्या पसंतीत मॅकमहॉन पुढे असूनही लेबरच्या बार्बरा ओशे निवडून आल्या. तिसऱ्या पक्षानं कार्डावर दोन आकडे बदलले आणि आमदार बदलला! तुमच्या 2025 च्या पोटनिवडणुकीतही टोनी लप्टन, जे पूर्वी लेबरचेच आमदार होते, अपक्ष उभे होते आणि त्यांच्या कार्डावर लिबरल ग्रीन्सच्या वर होते. म्हणून कार्ड हातात घ्या, वाचा, पण आपला क्रम घरूनच ठरवून जा असं मी कळकळीनं सांगेन.

परामट्टा_काका:

सूनबाई, एक सावधगिरी. सिडनीतल्या नातेवाइकांनी "फक्त 1 लिहिलं तरी चालतं" असं सांगितलं तर ते आमच्या न्यू साउथ वेल्सच्या राज्य निवडणुकीपुरतं खरं आहे, व्हिक्टोरियात नाही, तुमच्याकडे नुसता 1 लिहिलेला कागद बाद होईल. आणि आमच्याकडेही एकच नंबर लिहून थांबणं मला पटत नाही, तुमचा उमेदवार बाद झाला की कागद तिथेच संपतो. 2023 ला राईडची सीट फेरमोजणीनंतर 54 मतांनी ठरली, आणि मधेच संपलेले कागद त्याच्या कितीतरी पट होते.

धागाकर्ती:

सगळ्यांचे खूप खूप आभार! यारातीरी, तुमचा गठ्ठ्यांचा परिच्छेद सासूबाईंना मोठ्यानं वाचून दाखवला, त्या म्हणाल्या मग शेवटचा नंबर तर मी आधी लिहीन. नवरा अजून 55 टक्क्यांवर विचार करतोय. अजून एकच, सासूबाईंचा हात थोडा थरथरतो, नंबर लिहिताना खाडाखोड झाली तर काय करायचं? आणि निकाल त्याच रात्री कळतो का?

यारातीरी:

खाडाखोड झाली तर कागद पेटीत टाकायच्या आधी तिथल्या कर्मचाऱ्याला द्यायचा आणि नवा मागायचा, देतात. फुली किंवा टिक नको, आकडेच. लिहायला मदत लागली तर तुम्ही सोबत जाऊ शकता किंवा तिथला अधिकारीही मदत करतो. वरच्या सभागृहाचा दुसरा मोठा कागद मिळेल, त्याचे नियम वेगळे आहेत, त्यावरची सूचना स्वतंत्र वाचा.

निकालाचं म्हणाल तर त्या रात्री आयोग दोन उमेदवार आधीच धरून अंदाजापुरती मोजणी करतो, आणि प्राहरानसारख्या तिरंगी सीटवर ते दोन नक्की कोण हेच ठरायचं असतं. शिवाय पोस्टानं आलेली मतं पुढच्या शुक्रवारपर्यंत घेतात. त्यामुळे टीव्हीवर काहीही म्हणोत, तुमच्या सीटसाठी आठवडाभर तरी थांबायची तयारी ठेवा.