ठरावीक खाण्यानंतर होणारी पोटदुखी : आपापले अनुभव लिहावेत

ठरावीक पदार्थ पोटात गेला की दुखू लागते, नेहमीच्या तपासण्यांत काही सापडत नाही आणि घरचे ‘पित्त झालं असेल’ म्हणून मोकळे होतात, अशी तक्रार करणारे कोणी ना कोणी प्रत्येकाच्या ओळखीत असते. असे अनुभव एके ठिकाणी यावेत म्हणून हा धागा. विनंती एकच आहे की काय बाधले एवढेच लिहून थांबू नये. खाल्ल्यानंतर किती वेळाने दुखले, नेमके कुठे दुखले, किती वेळ टिकले आणि सोबत आणखी काय झाले, हेही लिहावे. पदार्थाच्या नावापेक्षा या तपशिलातून कारणाचा माग जास्त लागतो, असे माझे मत झाले आहे. औषधे सुचवू नयेत. सुरुवात मीच करतो.

माझ्या बाबतीत पदार्थ होता दूध. पण चहा, दही, ताक, पनीर यांपैकी कशानेच काही होत नसल्यामुळे दुधाकडे कोणाचे लक्षच गेले नाही. त्रास व्हायचा तो कोजागरीच्या मसाला दुधाने, बासुंदीने आणि पेढ्यांनी. खाल्ल्यावर तासाभराने बेंबीभोवती मुरडा येई, पोटात गुडगुड सुरू होई, एकदोन पातळ जुलाब होत आणि मग एकदम मोकळे वाटे. हा क्रम ऐकल्यावर डॉक्टरांनी श्वासाची हायड्रोजन चाचणी करायला सांगितली. आदल्या रात्री नुसता पांढरा भात खायचा, सकाळी उपाशीपोटी लॅक्टोज, म्हणजे दुधातली साखर, विरघळवलेले पाणी प्यायचे आणि मग दर अर्ध्या तासाने एका नळीत फुंकायचे, असा तो प्रकार असतो. लहान आतड्यात लॅक्टेज हे विकर कमी असेल तर ही साखर न पचता मोठ्या आतड्यात उतरते, तिथले जिवाणू ती आंबवतात आणि त्यातून तयार झालेला हायड्रोजन रक्तावाटे फुप्फुसांत येऊन श्वासातून बाहेर पडतो. माझे आकडे चढू लागले तेव्हाच पोटातली गुडगुडही शेजारच्या खुर्चीवरच्या गृहस्थांना ऐकू जाण्याइतकी वाढली होती. कपभर दुधात सुमारे १२ ग्रॅम लॅक्टोज असते आणि माझ्यासारख्या अनेकांना एका वेळी तेवढे सोसते. दूध आटवले की पाणी उडते आणि साखर तेवढीच राहते, त्यामुळे वाटीभर बासुंदीत ती कितीतरी जास्त जाते. दह्यात विरजणाने थोडी साखर आधीच संपवलेली असते आणि पनीर करताना तिचा मोठा भाग पाण्याबरोबर निघून जातो. मी दूध सोडलेले नाही, आटवलेले दूध सोडले आहे.
— धागाकर्ता, पुणे

वर बेंबीभोवतीच्या मुरड्याचा उल्लेख आला आहे. माझे दुखणे उजव्या बरगडीखाली सुरू होई आणि पाठीत, उजव्या खांद्यामागच्या हाडापर्यंत जाई. आमच्याकडे सावजी रस्सा वरच्या तर्रीसकट वाढण्याची पद्धत आहे, आणि दुखणे यायचे ते नेमके अशा जेवणांच्या रात्री. ते मुरड्यासारखे येऊन-जाऊन नसे. एकदा चढले की तासन्‌तास एकाच पातळीवर राही, बसून, झोपून, पालथे पडून कशानेच उतरत नसे आणि पहाटे कधीतरी काही घडलेच नव्हते असे नाहीसे होई. तिखटाने आम्लपित्त होते म्हणून तिखट कमी झाले, तेल मात्र तसेच राहिले. दुर्बिणीने जठराची तपासणीही झाली आणि ती व्यवस्थित निघाली. पुढे पोटाच्या सोनोग्राफीत पित्ताशयातले खडे दिसले, तेव्हा सर्जननी समजावले की दुर्बीण अन्ननलिका, जठर आणि लहान आतड्याच्या सुरुवातीपर्यंत जाते, पित्ताशय तिच्या वाटेत येतच नाही. स्निग्ध अन्न लहान आतड्यात उतरले की पित्ताशय आकुंचन पावते, आणि खडा त्याच्या तोंडाशी अडकला की हे दुखणे उठते. त्रास न देणारे खडे सहसा तसेच राहू देतात. माझे त्रास देणारे होते, म्हणून पित्ताशय दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेने काढून टाकले. आता तर्री बेताने चालते.
— निवृत्त शिक्षिका, नागपूर

माझा अनुभव एकाच जेवणाचा आहे. बाजारातून दुपारी उशिरा आणलेला बांगडा तळून खाल्ला, तेव्हा जिभेला मिरपुडीसारखा चटका जाणवला होता. अर्ध्या तासात चेहरा आणि मान लालबुंद झाली, डोके ठणकू लागले आणि पोटात कळा आल्या. भावालाही तेच झाले, म्हणून डॉक्टरांनी माशाची ॲलर्जी असण्याची शक्यता बाजूला ठेवली. बांगडा, कुपा असे मासे बर्फाविना उन्हात राहिले की जिवाणू त्यांच्या मांसात हिस्टामीन तयार करतात, आणि ते तळून किंवा उकळून नष्ट होत नाही. मासा वासाला आणि दिसायला चांगला वाटू शकतो. पुढच्या आठवड्यात बर्फातला ताजा बांगडा खाल्ला, काही झाले नाही.
— मालवण

धागाकर्त्यांनी वेळ टिपायला सांगितले आहे, पण माझ्या बाबतीत टिपण्यासारखी वेळच नव्हती, कारण गहू सकाळ, दुपार आणि रात्र पोटात जात होता. इंदूरच्या मराठी घरात पोहे सोडले तर प्रत्येक जेवणात पोळी असतेच. पोट कायम जड, अधूनमधून दुखणारे, शौचाचा भरवसा नाही, एवढीच तक्रार होती. धागा सापडला तो दुसऱ्याच टोकाने : लोहाच्या गोळ्या महिनोन्‌महिने घेऊनही हिमोग्लोबिन वर येईना. त्यावरून सिलिअॅक आजाराची शंका घेतली गेली, ज्यात गहू, जव आणि राय (गव्हासारखे एक धान्य) यांतल्या ग्लुटेनमुळे शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच लहान आतड्याच्या अस्तरावर उलटते आणि अन्नरस नीट शोषला जात नाही. शंका कानावर पडताच सासूबाईंनी प्रेमाने पोळ्या बंद केल्या, तर डॉक्टरांनी त्या तपासणी होईपर्यंत पुन्हा सुरू करायला लावल्या; गहू सोडल्यावर रक्तातली प्रतिपिंडे उतरतात आणि चाचणी खोटी नकारात्मक येऊ शकते. रक्ततपासणी आणि बायोप्सी, दोन्हींतून निदान पक्के झाले.

पथ्य सोपे वाटले होते, कारण ज्वारी, बाजरी, नाचणी, तांदूळ सगळे चालते. अडचण निघाली गिरणीत. आधीच्या माणसाचे गहू दळून झाले की दगडांच्या मध्ये आणि पीठ पडते त्या कापडी पिशवीच्या चुण्यांमध्ये गव्हाचे पीठ राहते, आणि त्यावरच आपली ज्वारी पडते. गिरणीवाला भला माणूस, त्याने ‘पहिलं पायलीभर बाजूला काढतो’ असेही सुचवले. पण आम्ही घरगुती चक्की घेतली आणि तिच्यात गहू घालायचा नाही असे ठरले. दुसरा धक्का हिंगाचा. डबीतला बांधणी हिंग बहुधा मैद्यात किंवा कणकेत मिसळलेला असतो, हे डबीवरचा बारीक मजकूर वाचेपर्यंत घरात कोणालाच माहीत नव्हते. आता तांदळाच्या पिठातला शोधून आणतो.
— इंदूर

माझ्या पोटाला चातुर्मासात बरे वाटे आणि कार्तिकी झाली की फुगणे, दुखणे पुन्हा सुरू होई. घरात त्याचे श्रेय साहजिकच उपासांना मिळे. मेलबर्नला आल्यावर इथल्या आहारतज्ज्ञांनी हा घटनाक्रम ऐकून पहिला प्रश्न विचारला तो कांदा-लसणाचा. या दोन्हींत, आणि गव्हातही, फ्रुक्टान असते. ते कोणाच्याच लहान आतड्यात पचत नाही आणि मोठ्या आतड्यात त्याचा वायू प्रत्येकाच्या पोटात होतो. आयबीएस (तपासण्यांत दोष न दिसता पोट वारंवार दुखणे आणि शौच बिघडणे) असलेल्यांचे आतडे तो ताण जास्त तीव्रतेने जाणते, एवढाच फरक. याच शहरातल्या मोनाश विद्यापीठात अशा आंबणाऱ्या कर्बोदकांवर पुष्कळ काम झाले आहे आणि फॉडमॅप हे नाव २००५ साली तिथल्याच संशोधकांनी दिले. पद्धत अशी की काही आठवडे हे पदार्थ बंद करायचे आणि मग एकेक परत आणून पाहायचा. बरेच जण पहिल्या टप्प्यावरच थांबतात आणि आयुष्यभर निम्मे अन्न सोडून बसतात, ते मला पटत नाही. माझ्या बाबतीत राजमा थोडा चालला, कांदा चाललाच नाही. फ्रुक्टान पाण्यात उतरते, तेलात उतरत नाही. म्हणून लसूण तेलात परतून पाकळ्या काढून टाकतो आणि त्या तेलाची फोडणी देतो. कांद्याच्या पातीचा हिरवा भागही चालतो. एवढ्यावर आमटीला चव येते.
— मेलबर्न

रक्ताचा एक नमुना घेऊन शेकडो पदार्थांची ‘चालेल-चालणार नाही’ अशी रंगीत यादी देणारी तपासणी मी बरीच महाग करून घेतली. पोटविकारतज्ज्ञांनी ती बाजूला ठेवली. त्या आयजीजी प्रतिपिंडांवरून तो पदार्थ तुम्ही खाता इतकेच साधारण कळते, बाधतो की नाही ते कळत नाही, असे त्यांनी सांगितले. यादीतली अंडी मी पुन्हा खाऊ लागलो; काही त्रास नाही.
— ठाणे

वडील गोडाधोडाच्या जेवणानंतर शतपावलीला निघाले की बेंबीच्या वर दाटून येई. ते थांबत, ढेकर देत आणि बरे वाटले की पुढे चालत. जेवून नुसते बसले तर काही होत नसे, ही गोष्ट आईने डॉक्टरांना सांगितली आणि त्यांनी पोटाचे काहीही न करवता आधी हृदयाची तपासणी करवली. हृदयाच्या रक्तवाहिन्यांत अडथळे निघाले.
— कोल्हापूर

या अनुभवानंतर एक भर घालतो. वजन आपोआप घटणे, शौचातून रक्त किंवा डांबरासारखे काळे शौच, कावीळ, ताप, वारंवार उलट्या, झोपेतून उठवणारे दुखणे, पन्नाशीनंतर नव्यानेच सुरू झालेला त्रास, यांपैकी काही असेल तर इथे लिहिण्याआधी डॉक्टरांना दाखवावे. छातीत दडपण, घाम किंवा धाप असेल तर तडक रुग्णालयात जावे.
— धागाकर्ता

माझे कोडे अजून सुटलेले नाही. आमरस-पुरीच्या जेवणानंतर दोनेक तासांनी पोट फुगून दुखते. नुसता आंबा कापून खाल्ला तर क्वचितच दुखते. पण आमच्याकडे रसात दूध घालतात, पुरी गव्हाची आणि तळलेली असते, आणि रस वाढणारे हात थांबत नाहीत. वरचे वाचून असे ठरवले आहे की या मोसमात एकदा दुधाविना रस भाकरीबरोबर खायचा, एकदा दूध घातलेला रस भाकरीबरोबर, आणि एकदा नुसत्या पुऱ्या बटाट्याच्या भाजीबरोबर, आणि तिन्ही वेळा वाटी एकच ठेवायची. कोणाला आंब्याचाच असा त्रास असेल, तर किती खाल्ल्यावर होतो ते कृपया लिहावे.
— नाशिक