मदत हवी आहे: मुलीचं हिमोग्लोबिन ८.९, लोहाच्या गोळ्या सोसत नाहीत

मुलगी नववीत आहे, वय १४. पाळी आठ-आठ दिवस चालते. जिना चढताना धाप लागते, केस गळतात आणि हल्ली डब्यातले कच्चे तांदूळ खात बसते. रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन ८.९, फेरिटिन (अंगातला लोहाचा साठा) ६. डॉक्टरांनी लोहाची गोळी रोज घ्यायला सांगितली आहे. पण ती घेतली की मळमळतं, शौचाला काळं होतं, त्यामुळे मुलगी घाबरून टाळाटाळ करते.

सासूबाई मायेनं बीट, खजूर, गूळ-शेंगदाणे देतात. कोवळ्या वयात गोळ्या नकोत, एवढ्यानं रक्त भरेल असं त्या म्हणतात. आम्ही शाकाहारी, अंडंही चालत नाही. डब्यात काय द्यावं? गोळी कशी पचेल? आणि आठ दिवसांची पाळी या वयात चालायचीच, असं समजायचं का? मला फार काळजी वाटते आहे.

प्रतिसाद:
ताई, गोळी बंद करू नका. १२ च्या खाली म्हणजे रक्त कमी, आणि ८.९ नुसत्या जेवणानं भरून निघत नाही. शाकाहारी अन्नातलं लोह अंगात फार कमी शोषलं जातं. बीट लाल असलं तरी त्यात लोह बेताचंच. शौचाला काळं होणं गोळीमुळेच, हे मुलीला नीट सांगा. मळमळत असेल तर जेवणानंतर किंवा रात्री द्या. एक दिवसाआड चालेल का, गोळी बदलता येईल का, हे डॉक्टरांना विचारा. चहा, दूध, कॅल्शियमची गोळी त्या वेळेला नको. हिमोग्लोबिन १२ झालं तरी साधारण तीन महिने गोळी चालू ठेवतात, नाहीतर साठा रिकामाच राहतो.

कच्च्या तांदळावरून रागावू नका. लोह कमी झालं की असं खावंसं वाटतं, भरलं की आपोआप सुटतं.

डब्यात मोड आलेल्या मटकीची उसळ, वर लिंबू. बाजरीची भाकरी, राजगिरा, अळिवाचे लाडू. सोबत पेरू किंवा आवळा द्या, त्यातल्या क जीवनसत्त्वामुळे लोह जास्त शोषलं जातं.

पाळीचं मात्र स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवाच. पहिली एक-दोन वर्षं ती अनियमित असते, पण सात दिवसांवर जाणं, तासा-दोन तासांत पॅड भिजणं, मोठ्या गाठी पडणं तपासायलाच हवं. काही मुलींमध्ये रक्त नीट न गोठण्याचा आजार असाच उघडकीला येतो. पाळी सुरू होऊन किती काळ झाला? नाकातून, हिरड्यांतून रक्त येतं का? जंतांचं औषध कधी दिलं होतं? सासूबाईंनाही सोबत न्या, डॉक्टरांच्या तोंडून ऐकलं की त्यांची गोळीची भीती कमी होईल.